कोऱ्या स्टॅम्पवर दोन सह्या

लातूर, ३ मार्च
आज अकरा मोटारी आल्या. विहिरी आटल्यात, पंप कोरडे चालतात, मोटारी जळतात. आमचं जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान दुष्काळात जोरात. लाज वाटते, पण काम थांबवता येत नाही. भागीदार बसू माल आणायला नांदेडला. तो नसताना त्याचा मेव्हणा येऊन दुकानाची रुंदी पावलांनी मोजून गेला. विचारलं तर म्हणे, "सहज." जिल्हा होऊन जागांचे भाव चढल्यापासून या गावात कुणी सहज काही मोजत नाही.

५ मार्च
कामात लक्ष नाही. एक कॉइल उलटी भरली, परत उसवली.
मेव्हण्याला आमच्या जागेत लॉज काढायचंय. बायकोनं, मंगलनं, बाजारात ऐकलं. जागा बसूच्या नावावर, मशिनं दोघांची, हुन्नर माझा. लिखापढी? नऊ वर्षांपूर्वी महादेवापुढं बेलभंडार उचलून भागीदारीची आण घेतली, आणि एका कोऱ्या स्टॅम्पपेपरवर खाली दोघांनी सह्या ठोकल्या. मजकूर सवडीनं लिहू म्हणालो. ती सवड अजून यायचीय. पेपर बसूच्या पेटीत.
मंगल म्हणाली, "वकिलाकडं जावा."
"बेल उचललाय. वकील गाठला म्हंजे देवाला खोटं पाडलं."
"देव काय कचेरीत साक्ष द्यायला येणार हाय?"
जेवण तसंच टाकून उठलो.

९ मार्च
वकिलाच्या घरावरून तीनदा सायकल नेली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ही कोर्टाची नव्हती, तरी पाय उचलेना. चौथ्या खेपेला चढलो.
म्हातारे गृहस्थ, सुपारी कातरत सगळं ऐकून घेतलं.
"भांडण झालंय?"
"न्हाई साहेब."
"मग बरं झालं आत्ता आलात. खरं तर सही करायच्या आधी यायचं होतं. कोऱ्या कागदावर तुमची सही आहे. वरती जो लिहील, त्याचं दुकान."
आधी पेपर परत घ्या म्हणाले, मग रीतसर भागीदारीपत्र करू.
उतरलो तर समोर पानटपरीवर मेव्हणा. "राम राम" म्हणाला. मीही म्हणालो. मेलो.

१० मार्च
बसू आल्या आल्या, "माझ्यावर वकील केलास म्हणं?"
"तुझ्यावर न्हाई रे. दुकानासाठी."
"मला इचारायचं होतंस."
खरंय. पण काय विचारणार? तू मला फसवणार का?
लॉजचं काढलं तर म्हणाला, "मेव्हणा लई मागं लागलाय. मी हाव म्हणलो न्हाई अजून."
त्या 'अजून'नं दिवस खाल्ला. दोघं एकाच बाकावर तार गुंडाळत बसलो, तोंडं दोन दिशांना.

१४ मार्च
बसूनं पेपर आणून समोर टाकला. कोराच. मी उलटूनपालटून पाहिला, उजेडात धरला, आणि त्यानं ते बघितलं. माझीच मला शरम वाटली.
"फाड," म्हणाला. फाडला.
मग वकीलसाहेबांनी करून दिलेला भागीदारीपत्राचा मसुदा त्याच्या हातात दिला. वेगळं व्हायची पाळी आली तर जागा कुणाची, मशिनं कुणाची, इथं तो अडकला. दोनदा वाचलं.
"हे आत्ताच लिवायचं?"
"आत्ताच लिहिता येतं, भांडण नाही तोवर," मी म्हणालो. हे वकीलसाहेबांचं वाक्य, पण माझं म्हणून खपवलं.

१६ मार्च
सही नाही. बसू म्हणाला, "कागद ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. मी बी एका वकिलाला दाखवतो."
"दाखव की." तोंडानं म्हणालो.
रास्तच आहे. मी केलं तेच तो करतोय. तरी संध्याकाळपर्यंत नुसता चरफडत होतो. नऊ वर्षं एका ताटात जेवलो, आणि माझ्यावर भरवसा नाही याचा?
मंगलला सांगितलं तर तिनं ताट वाढून पुढं सरकवलं.
उद्या दुपारी तो जाणार आहे. कुठल्या वकिलाकडं ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.