हुकूमशहाच्या कोटात लागलेली डुलकी

तीर्थस्वरूप दादा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार (कागदावरूनच, त्यामुळे माझी कंबर बचावली). वहिनींचा खोकला कसा आहे? तुमचं पत्र पोचलं. महिनाअखेर दुकानात हजर हो, नाहीतर तुझं मशीन दुसऱ्या कारागिराला देतो, हा हुकूम मी तीनदा वाचला. येणारच आहे. पण उशीर का होतोय ते आधी ऐका, कारण त्यात चूक तुमचीच आहे.

मी इथे ज्याचे कपडे शिवतोय तो सिनेमा आफ्रिकेतल्या एका जुन्या हुकूमशहावर आहे. जेवताना माणसं मारायची यादी ऐकायचा आणि मध्येच मीठ मागायचा, असला. त्याचा लष्करी कोट मी शिवला. छातीवर बत्तीस पदकं (पैकी अकरा म्हणजे सोड्याच्या बाटलीची झाकणं, सोनेरी रंगवलेली, कुणाला बोलू नका). त्यांच्या भाराने कोट डावीकडे ओढायचा, म्हणून उजव्या अस्तरात शिशाचे तुकडे शिवून सरळ केला. इथवर ठीक होतं. पण स्वतः अंगात घालून, बसून-उठून पाहिल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हा तुमचा नियम माझ्या हाडात मुरलाय. नटाचं पोट नेमकं माझ्याएवढं. जेवणाची सुट्टी होती, सेट रिकामा होता. कोट चढवला, हातमोजे घातले, काळा चष्मा लावला, टोपी नाकापर्यंत ओढली आणि राजवाड्याच्या सज्जातल्या खुर्चीत बसून पाहिलं. बसलो, दादा, उठायचं तेवढं राहिलं. दिव्यांची ऊब, पाठीला मखमल. डोळा लागला.

स्वप्नात आपलं दुकान होतं, पण भिंती नव्हत्या. खुंट्यांवरचे सगळे कोट, आत माणसं नसलेले, हळूहळू रांगेने माझ्यापुढून जात होते. वारा नव्हता तरी हलत होते. मी नुसतं बोट दाखवलं की एकेकाची बाही आवाज न करता गळून पडायची. खाली बाह्यांचा मऊ ढीग साचत होता आणि मला छान वाटत होतं. हे कबूल करायला लाज वाटते, पण वाटत होतं खरं.

जाग आली तेव्हा सज्जाखाली चौकात तीनशे माणसं ताठ उभी होती. भर उन्हात, चिडीचूप. झालं असं, की नट स्वतः आधीच येऊन भूमिकेत शिरलाय असं दिग्दर्शकाच्या सहायकाला वाटलं. त्याने सगळ्यांना उभं केलं. एवढ्या मोठ्या नटाला उठवणार कोण? दिग्दर्शकाने कॅमेरा चालू ठेवला. पाऊण तास! (खरा नट खालीच, गर्दीच्या मागे उभा होता म्हणे, खुर्चीत कोण ते विचारायची त्यालाही हिंमत झाली नाही.) मी टोपी काढली तेव्हा आधी हशा पिकला, मग दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. माझी झोप सिनेमात राहणार आहे, आणि पुढच्या दोन सिनेमांचे कपडे माझ्याकडे.

पण त्या गर्दीत एक बाई होत्या, मूळच्या त्याच देशातल्या. संध्याकाळी त्यांच्या पोलक्याची उसवलेली बाही शिवताना मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी चौकात असंच उभं करायचे. एकदा वडील थकून खाली बसले, एवढाच गुन्हा, ते परत आले नाहीत. मग म्हणाल्या, "त्या कोटात कोण होतं, हे आम्हीसुद्धा कधी धड पाहिलं नाही." ती बाही तेवढी पुरी करून दिली, दादा. त्या रात्री मी आणखी काही शिवू शकलो नाही.

असो. वहिनींना मध-आलं द्या.

तुमचा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. : येणारच आहे असं वर लिहिलंय ते खोडायला हवं होतं. मी येत नाही. मशीन खुशाल द्या.

ता. क. दुसरा : तुमच्यासाठी कोट शिवलाय, वेगळा पाठवतोय. माप अंदाजाने घेतलं. इतकी वर्षं शेजारी बसून काम केलं, पण तुमच्या खांद्याला टेप लावायचा धीर मला कधी झाला नाही. मोठा झाला असेल तर कळवा.

ता. क. तिसरा : नको, काहीच कळवू नका. एवढं सांगायलाच हे सगळं पत्र लिहिलं. तुम्ही नुसतं 'ये' लिहिलंत, तरी मी येईन.