व्याह्यांची पुस्तके

२ ऑगस्ट २०११, मंगळवार. श्रावण शुद्ध तृतीया.

पुन्हा पार्सल! पूजा आटोपून नैवेद्य दाखवीत होतो, तोच दारावर घंटी. सोवळ्यातच दार उघडले. पाठीवर भली थोरली काळी पिशवी घेतलेला माणूस. "शिवांजलीजी?" म्हटले, ती शाळेत आहे, मी तिचा आजोबा. "तो दादाजी, यहाँ साइन कर दीजिए।" त्याच्या लेखणीला हात लावावा लागला. पुन्हा स्नान.

आत पुस्तक. नात मागवते, परंतु निवड हरीशरावांची. हरीशराव म्हणजे आमचे व्याही, प्रज्ञाचे – आमच्या सूनबाईंचे – वडील. अर्थमंत्रालयातून निवृत्त, गुडगावात विसाव्या मजल्यावर एकटे राहतात. कोणते पुस्तक हवे ते तिकडून फोनवर सांगणार, शिवांजली इथे नोएडात संगणकावर ते शोधून मागवणार, आणि दार उघडायला मी! इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र. एकेक ग्रंथ पाट म्हणून बसायला घ्यावा एवढा जाड.

मला पुस्तकांचा राग नाही. पहाडगंजच्या मराठी शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले. छापील कागदाला पाय लागला तर आजही वाकून नमस्कार करतो. राग – नव्हे, राग हा शब्द बरोबर नाही. योग्य शब्द सापडला की लिहीन.

९ ऑगस्ट, एकादशी.

मंडळात प्रवचन. या चातुर्मासात षड्रिपू घेतले आहेत, दर एकादशीला एक शत्रू. काम आणि क्रोध झाले, आज लोभ. श्रोते तल्लीन होते.

घरी मात्र श्रोता नाही. दिवेलागणीला मी पोथी सोडतो आणि शिवांजली समोर बसते, हा सात वर्षांची असल्यापासूनचा तिचा नेम. ओळीवर बोट ठेवायची, मी थांबलो की विचारायची, "पण आबा, असं का?" त्या एका 'का'साठी मी दुपारभर भाष्ये चाळीत असे. आता म्हणते, "आबा, आज नको ना, प्लीज. नानांना फोन करायचाय." आणि खोलीचे दार बंद.

सोडलेली पोथी पुढ्यात घेऊन बसून राहिलो. प्रभावती ओला हात पदराला पुसत आली. "मी ऐकते की."

"तू ऐकतेस, पण काही विचारत नाहीस."

"चाळीस वर्षांत विचारून उपयोग नाही एवढं कळलं!"

१४ ऑगस्ट.

तिच्या दारावरून जाताना पाऊल आपोआप मंदावले. आतून तिचा आवाज. इंग्रजी. अखंड, एकसुरी, गुरूपुढे पाठ म्हणून दाखवावा तसा. मध्येच अडखळली, मागे जाऊन वाक्य पुन्हा घेतले. माझ्यापुढे इतक्या निष्ठेने कधी म्हटले होते काय?

चोरून ऐकणे हे सज्जनाचे लक्षण नव्हे. तरी पाणी प्यायच्या मिषाने दोनदा उठलो.

२५ ऑगस्ट, एकादशी.

मोह. सभागृह भरलेले. शिवांजली आली नाही.

१ सप्टेंबर, गणेश चतुर्थी.

हरीशराव जेवायला आले. प्रज्ञाने जाऊन गाडीतून आणले. शिवांजली लिफ्टपर्यंत सामोरी गेली आणि हाताला धरून त्यांना आत घेऊन आली. जणू छत्रपतींची स्वारी! पाट तिनेच मांडला, वाटी तिनेच हाताशी सरकवली.

"काय व्याहीबुवा, देव काय म्हणतायत?"

"देव म्हणतात, अर्थमंत्रालयाने मोदकावर कर लावू नये."

खदखदून हसले. मीही हसलो. हसणे लबाड होते.

मग त्यांची नेहमीची कथा. एक्क्याण्णव साली देशाने सोने गहाण टाकले, ते कागद त्यांच्या टेबलावरून कसे गेले, आणि पुढे दारे उघडली म्हणूनच गहू-मोहरीच्या शेतांत आपले हे सगळे मनोरे कसे उभे राहिले. ऐकावे तर अकरा मजले उंच हवेत बसवलेला आमचा गणपतीही यांच्याच कृपेने आला! शिवांजली मात्र तोंडाकडे पाहत राहिली होती. "नाना, पण तेव्हा कुणालाच भीती नाही वाटली? का नाही?"

तिचा 'का'! माझा 'का'!

राहवले नाही. कपाटातून पोथीवरची माझी टीका काढली. तीस वर्षे फावल्या वेळात लिहिलेले भाष्य, आजवर कोणाच्या हाती दिलेले नाही. त्यांच्या हाती दिले. त्यांनी दोन पाने उलटली, "वा! अक्षर म्हणजे मोती हो!" म्हणाले आणि वही मोदकांच्या ताटाशेजारी ठेवून दिली. एक ओळ वाचली नाही. एक! शाळकरी पोराच्या पाठीवर थाप मारावी तसे अक्षराचे कौतुक! वहीच्या कोपऱ्याला तूप लागले.

२ ऑगस्टच्या पानावर जो शब्द राहिला होता, तो आज सापडला. लिहीत नाही.

८ सप्टेंबर, एकादशी.

मद. परतताना प्रभावती रिक्षात म्हणाली, "पुढच्या खेपेला मत्सर ना हो? तयारी जोरात चाललीय तुमची."

१७ सप्टेंबर, शनिवार. पितृपक्ष.

घरात एकटाच होतो. अकराच्या सुमारास घंटी. तीच काळी पिशवी, तोच मनुष्य.

माझ्या तोंडून शब्द गेले – "श्राद्धपक्ष चल रहा है। इन दिनों नई वस्तु घर में नहीं लेते। वापस ले जाओ।"

"दादाजी, किताब है। फ्रिज थोड़ी है!"

"किताब भी वस्तु है।"

"सोच लीजिए, फिर मैडम शिकायत करेंगी।"

"मैं घर का बड़ा हूँ।"

त्याने मान हलवली, पाकिटावर काही खरडले आणि लिफ्टमध्ये शिरला. मी जपाला बसलो. चित्त प्रसन्न. फारच प्रसन्न! तिथेच संशय यायला हवा होता.

१८ सप्टेंबर.

"आबा, काल पार्सल आलं होतं? साइटवर 'रिफ्यूज्ड' दाखवतायत."

"पितृपक्ष आहे."

"अच्छा? आणि गेल्या वर्षी पितृपक्षात बाबांनी वॉशिंग मशीन आणलं, तेव्हा नारळ कुणी फोडला?"

माझीच शिष्या. पूर्वपक्ष मांडायला मीच शिकवले. मी आवाज चढवला. ती भांडली नाही. भांडली असती तर बरे होते. म्हणाली, "शेवटची कॉपी होती, आबा. आता तिथे मिळत नाहीये. नाना किती दिवस त्याची वाट बघतायत."

"वाचणार तू आणि वाट पाहणार ते? हे नवलच!"

काही बोलण्यासाठी तिने तोंड उघडले. मग मिटले आणि आत गेली.

पुस्तक मराठेशाहीतील सावकार आणि बाजारपेठांवरचे होते, असे प्रज्ञाकडून कळले.

प्रभावतीने ताटावर एवढेच विचारले, "पुस्तक परत पाठवावं असं कुठल्या ग्रंथात आहे हो?" दुपारभर धर्मशास्त्राचे खंड काढून बसलो. वचन नाही. उलट विद्यादानाने पितर तृप्त होतात, असे मिळाले. म्हणजे सकाळी तीर्थरूपांना तिलांजली द्यायची, आणि त्यांच्याच पंधरवड्याआड दडून एका पुस्तकाला दारातून हाकलायचे! अज्ञानाने केले असते तर प्रायश्चित्त सोपे होते.

२३ सप्टेंबर, एकादशी.

प्रवचन झाले. ऐनवेळी विषय बदलून 'दान' घेतला. कोणी कारण विचारले नाही. प्रभावती पहिल्या रांगेत होती. गालात हसत होती.

२५ सप्टेंबर, रविवार.

प्रज्ञाला म्हणालो, "संगणकावर पुस्तक कसे मागवतात, ते मला दाखव."

"कुठलं हवंय, आबा? मी करते की ऑर्डर."

"परत गेलेले. आणि मीच करणार."

तिने क्षणभर पाहिले, शेजारी खुर्ची ओढली. काही विचारले नाही. गुणी मुलगी. हरीशरावांची आहे, हेही आज मान्य केले.

एकेक अक्षर शोधून दाबले. एका दुकानात नाही, दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात एक जुनी प्रत, कोण्या ग्रंथविक्रेत्याने ठेवलेली. बाजूला वाचकांनी अभिप्राय लिहिलेले. एक म्हणतो ग्रंथ अपूर्व आहे, दुसरा म्हणतो बांधणी उसवली, पैसे परत द्या. आमच्या पंडितसभाही याहून वेगळ्या नव्हत्या! खाली एक पंगत मांडलेली – हे पुस्तक पाहणाऱ्यांनी हीही पाहिली. एकावरून दुसऱ्यावर, इतिहासावरून अर्थशास्त्रावर, तिथून मानसशास्त्रावर. इथे शेवटच नाही. शिवांजली या वाटेने का गेली ते थोडे उमगले, आणि उमगल्याने अधिक झोंबले. मी तिला एकच पोथी दिली होती.

प्रज्ञा चहा ठेवायला उठली. मी चोरासारखा एक शब्द टंकला – मत्सराचा इंग्रजी शब्द. पडदा भरून गेला! आम्ही ज्याला सहावा शत्रू म्हणून एका शब्दात बांधले, त्यावर यांनी कपाटे भरली आहेत. एका पुस्तकाची थोडी पाने फुकट वाचू देतात. तिथे म्हटले आहे की मनुष्य राजाचा हेवा करीत नाही, आपल्याच पंगतीला बसलेल्याचा करतो. किती खरे! माझ्या पाच प्रवचनांत असे एकही वाक्य नव्हते. मग त्या लेखकाचाही हेवा वाटला.

"सापडला का शत्रू?" – मागे प्रभावती. केव्हाची उभी होती कोण जाणे.

प्रज्ञा कप ठेवीत म्हणाली, "बाबा खूश होतील, आबा. हल्ली मला काही सांगतच नाहीत. सारखं आपलं 'मी मजेत'."

शेवटचे बटण मी दाबले.

३ ऑक्टोबर.

आले! त्याच माणसाने आणले. "आज तो लेंगे ना, दादाजी?" घेतले. लेखणीलाही हात लावला.

शिवांजली शाळेतून आली ती नाचलीच. "आबा, तुम्ही? तुम्ही ऑर्डर केलंत? द्या ना!"

"देणार नाही. दसऱ्याला स्वतः गुडगावला नेऊन देणार."

तिचा चेहरा उतरला. "मी पण येते."

"तुझा क्लास आहे."

"मग आधी फोन करा हं. असे अचानक नका जाऊ, आबा. प्रॉमिस?"

पाहा! व्याह्याच्या दारात जायला मला नातीची परवानगी आणि मंत्रीमहोदयांची वेळ घ्यायची! शमत आलेले पुन्हा पेटले. वचन दिले नाही.

५ ऑक्टोबर, खंडेनवमी.

पाटीवर सरस्वती काढली, ग्रंथ पूजेला मांडले. शिवांजलीने हरीशरावांची सगळी जाडजूड पुस्तके आणून माझ्या पोथ्यांशेजारी लावली. चौरंग पुरेना. पोथ्या सरकवून जागा केली. आज पूजेतल्या पुस्तकाला हात लावायचा नाही. उद्या पूजा उतरली की निघायचे.

६ ऑक्टोबर, विजयादशमी.

राजीव चौकात मेट्रो बदलून गुडगावला गेलो. फोन केला नव्हता.

दार हरीशरावांनीच उघडले. मी दोन हातांवर उभा, आणि ते म्हणाले, "कोण आहे?" नाव सांगितले. "अरे, दत्तोपंत! या, या." सोने दिले, पुस्तक दिले. त्यांनी ते उलटसुलट केले, कडेवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेले. "कुठलं आहे हो?" नाव मुखपृष्ठावर बोटभर उंचीच्या अक्षरांत छापलेले.

दृष्टी जाऊ लागल्याला दोन वर्षे झाली. मधोमध काळे, कडेकडेचे तेवढे अंधूक दिसते. फक्त शिवांजलीला ठाऊक. फोनवर रोज तीच वाचून दाखवते. "प्रज्ञाला कळू देऊ नका. ती मला उचलून नोएडाला नेईल, आणि मग तुमची प्रवचनं ऐकावी लागतील." हसले. मला हसता आले नाही. म्हणाले, "पोरीची बारावी आहे. आता पुरे म्हणतो, ऐकत नाही."

खुर्ची त्यांच्या खुर्चीजवळ ओढली, चष्मा लावला. माझे इंग्रजी मास्तरी, अडखळणारे.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. आणि दत्तोपंत, पोथी वाचता तसं गाऊ नका."