गोधडीतला फोन

चिक्कडपल्ली, मंगळवार, १२ जुलै १९९४

माझ्या लेकीचं, मीनूचं टॉन्सिलचं ऑपरेशन आज पुढे ढकललं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दचकली की चक्कर येते का हिला?" येते. नवा फोन वाजला की येते, म्हणून मी तो गोधडीत गुंडाळून ठेवते. माझ्या बहिणीला, सुधाताईलाही यायची. ती तर ऑपरेशनच्या टेबलावरून उठलीच नाही.

बाईंनी ईसीजी काढला. म्हणाल्या, "हृदयाचा पिढीजात दोष आहे, अम्मा. कळलंय, तर आता जपून भूल देऊ."

ताईच्या वेळी कुणी का नाही विचारलं? आम्ही नजर लागली म्हणत बसलो.

आत्ता गोधडीसकट फोन मांडीवर घेऊन बसलेय. ताई असती तर पहिला फोन तिलाच केला असता. तोही आधी पत्र टाकून, ती दचकू नये म्हणून.