जोडपावलं

८ जानेवारी १९६३
पोहोचले एकदाची! फिनलंडच्या पार उत्तरेला, जंगलाला लागून नव्या नर्ससाठी हे छोटंसं लाल लाकडी घर. शेजारच्या ताउनोंनी घसरगाडीवरून सामान आणून दिलं, चूल पेटवली आणि तीन कप कॉफी रिचवूनच उठले. अंगणातल्या बर्फात दोन-दोन ठशांच्या जोड्या उमटत गेल्या होत्या. कसले, म्हणून विचारलं तर खो खो हसले. "शहरातली ना तू! अगं पोरी, वीझल आहे तो, मुंगसासारखा पण वीतभर लांबीचा शिकारी. हिवाळ्यात पांढरा होतो. शेपटीचं टोक काळं असेल तर थोरल्या जातीचा, सगळीच पांढरी असेल तर धाकट्या. दिसला की सांग."

१० जानेवारी
दिसला! सरपणाच्या ढिगावर मागच्या पायांवर उभा राहून माझ्याकडेच बघत होता. टोक काळं, म्हणजे थोरला. वहीत चित्र काढलं. एका उडीचं अंतर दोन वीत भरलं.

१३ जानेवारी
आज उडी चार हात. ताउनो म्हणाले, "मोजायला शिक आधी." तरी बघायला आले. ठशावर त्यांनी आपला पंजा ठेवला. ठसा मोठा निघाला. मग हसले नाहीत. कॉफीलाही थांबले नाहीत.

१४ जानेवारी
माग जंगलातून येतो, माझ्या भिंतीशी संपतो. परत जाणारा माग नाही. सगळीकडे शोधला.

१५ जानेवारी
ताउनोंच्या खुराड्यात दोन कोंबड्या मरून पडल्यात, मानेमागे एकच चावा. बाकीच्या नऊ गायब. ते म्हणाले, वीझल भूक नसली तरी मारतो आणि साठवून ठेवतो. कुठे, असं मी विचारलं. ते माझ्या घराकडे बघत राहिले. उद्या सकाळी येऊन जमिनीच्या फळ्या उचलून बघतो म्हणाले.

१६ जानेवारी
आले नाहीत. दुपारी मीच गेले. दार सताड उघडं, चूल थंडगार. बर्फात काहीतरी ओढत नेल्याची रुंद रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना जोडपावलं. रेघ माझ्या घराकडे —
वादळ सुटलंय. गाव तीन कोस. परत माझ्याच घरात आले. दुसरं कुठे जाणार?

१७ जानेवारी, सकाळ
फळ्यांखालून हाक. ताउनोंची! "पोरी, फळी उचल. गारठलो गं."
जिवंत आहेत. सळई आणते —

उचलली. पालथे पडलेत. मानेमागे चावा. अंग लाकडासारखं ताठ. मी नर्स आहे, मला कळतं. कालच गेलेत.

हाक थांबत नाही. त्यांच्या मागच्या अंधारातून येतेय.

फळी परत बसवली. सामानाची पेटी ओढली वर, पेटीवर मी. पेटी हलतेय —

आता ताउनोंचा आवाज नाही. बाईचा आहे. फळ्यांखालून खिडकीबाहेरच्या कुणाला तरी बोलावतेय, आत या, आत या म्हणतेय —
माझाच आवा