आप्पांसाठी सबवूफर

यंत्रमाग विकून तात्यासो इचलकरंजीहून कोल्हापूरला लेकीकडं, आदितीकडं आले, तेव्हा त्यांचे कान पार गेले होते. काल आदितीनं स्पीकर जोडले, तसे ते उखडले, "बहिऱ्याच्या घरात कशाला ही डबडी?" सकाळी ती कामावर गेली. तात्यासोंच्या खुर्चीवर चिठ्ठी होती; लेक त्यांना आप्पा म्हणायची.

"आप्पा, चहा थर्मासमध्ये हाय. सबवूफर, तो घुमणाऱ्या आवाजाचा मोठा डबा, तुमच्यासाठीच आणलाय, म्हणून खुर्चीला लागून ठेवलाय. पाय फरशीवर टेकवा आणि रिमोटचं हिरवं बटण दाबा. आपले माग ज्यांनी घेतले, त्यांच्या शेडमध्ये जाऊन आवाज रेकॉर्ड केलाय. रागावू नका."

तात्यासोंनी बटण दाबलं. फरशीची थरथर पोटऱ्यांतून छातीत चढली. मिटल्या डोळ्यांपुढं माग धडधडू लागले, उन्हात कापसाचे तंतू तरंगू लागले. रिकाम्या घरात ते मोठ्यानं म्हणाले, "पोरी, ऐकू आलं की गं!"