पाय धुवायला सगळेच तयार

प्लेनो, ईस्टरच्या आधीचा गुरुवार

डोकं उठलंय नुसतं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आज आमच्या मराठी चर्चमध्ये एकमेकांचे पाय धुवायचे होते. खुर्च्या मांडल्या, परातीत कोमट पाणी ओतलं, आणि खुर्चीवर बसायला एक माणूस तयार नाही! सगळ्यांना धुवायचेच होते. अरे, कुणी बसल्याशिवाय धुणार कुणाचे?

"तू बस, मी धुते," रूथकाकू म्हणाल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने खाली वाकायचं कशाला?

"छे काकू, मोठ्यांनी बसायचं," म्हणत मी परात ओढली. त्यांनी ती सोडलीच नाही. बाकीचे टॉवेल घेऊन उभे. ऑफिसातली प्रमोशनची चुरस परवडली, ती निदान उघड असते. इथे सगळ्यांत नम्र कोण, याची शर्यत!

शेवटी पाळकांनी प्रार्थना करून आटोपतं घेतलं. पाणी तोवर गार. ते तसंच सिंकमध्ये ओतलं.

काकूंनी परात सोडली नाही, हे घरी आल्यापासून नवऱ्याला दोनदा सांगून झालं. मीही सोडली नाही, हे अजून सांगितलेलं नाही.