सुमनला दिलेल्या चार गोळ्या

बुधवार, संध्याकाळ

गोळ्या मागायला ती आलेली, मी नव्हते गेले तिच्या दारात. आता तिची मुलगी माझ्याकडे बघते, जशी काय मीच विष घातलं.

मला शिंगाळा माशाचा काटा बोटात लागला तेव्हा डॉक्टरांनी सात गोळ्या दिलेल्या, रोज एक. तीन दिवसांत बोटाची सूज उतरली, मग उरलेल्या कशाला खायच्या? काल बाजारात शेजारी बसणाऱ्या सुमनला तसाच काटा लागला. मासे साफ करायच्या कात्रीनेच मी गोळ्यांची पट्टी कापली आणि चार गोळ्या दिल्या. आम्ही बर्फ वाटून घेतो, तंबाखू वाटून घेतो, तशीच गोळी.

आज तिने पहिली खाल्ली. तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेता येईना. ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई विचारत होत्या, काय खाल्लं हिने? आणि मी गप्प. का गप्प बसले? घाबरले, दुसरं काय. मग पट्टीचा माझ्याकडचा तुकडा पिशवीतून काढून दिला. औषधाचं नाव त्याच तुकड्यावर होतं.

"मावशी, तुम्ही डॉक्टर कधी झालात? हिला हे औषध चालत नाही, माहीत होतं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नव्हतं. विचारलं कुठे मी.

माझंही बोट परत ठणकतंय. त्या चार मीच खायच्या होत्या. मरो ते बोट. सुमन डोळे उघडते, मला बघते आणि तोंड फिरवते. शुक्रवारी हिला घरी सोडाल का विचारलं, तर डॉक्टरीणबाई नुसतं बघू म्हणतात.

सुमन, शिवी घाल, हाकलून दे, पण शुक्रवारपर्यंत माझ्याशी काहीतरी बोल.